सुकणारे तेल आणि जुन्या रायफलचा दस्ता

एक साधा प्रश्न विचारतो. ओला टॉवेल दोरीवर टाकला की तो सुकतो. त्यातले पाणी वाफ होऊन हवेत निघून जाते आणि टॉवेल हलका होतो. आता समजा, दाराच्या चौकटीला सुताराने बेलतेल लावले. दोनतीन दिवसांनी आपण म्हणतो, 'तेल सुकले.' मग या तेलाचे काय झाले? तेही वाफ होऊन उडून गेले का? चौकटीचे वजन कमी झाले का?

हाच प्रश्न गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात एका छात्रसैनिक मुलीने मला विचारला. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला रसायनशास्त्र, प्रकाशशास्त्र आणि उष्णताशास्त्र या तिन्ही दालनांतून फिरावे लागले. त्या भटकंतीत एकदा आमच्याच हातून आग लागता लागता राहिली. ती हकीकत पुढे येईलच.

रायफल आणि तिचे लाकूड

मी पदार्थविज्ञान शिकवतो आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या, म्हणजे एन.सी.सी.च्या तुकडीचे कामही पाहतो. ही संघटना १९४८ साली सुरू झाली. तिच्या कवायतीच्या मैदानावर अनेक वर्षे .३०३ रायफल दिसत असे. .३०३ हा आकडा नळीच्या आतल्या व्यासाचा, इंचांत मोजलेला. मिलिमीटरमध्ये तो सुमारे ७.७ होतो. 'ली-एन्फिल्ड' जातीची ही रायफल बंगालमधील इशापूरच्या कारखान्यातही तयार होत असे. आमच्याकडे अशीच एक कवायती रायफल आहे. तिच्यातून गोळी झाडता येऊ नये म्हणून ती कायमची निकामी केलेली आहे. तिचे वजन सुमारे ४ किलो, आणि कवायत करून हात भरून आले की ते १० किलो वाटते!

कोकणातले चार महिने पावसाचे. खांद्याला टेकणारा तिचा लाकडी दस्ता काळपट, चिकट आणि जागोजागी दबलेला झाला होता. वरिष्ठांची रीतसर परवानगी घेऊन आम्ही त्याला नवे तेलपाणी करायचे ठरवले. येथे एक गोष्ट बजावून सांगतो. बंदूक हे खेळणे नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून ती बाळगता येत नाही, आणि परवाना असला तरी मुलांनी तिला हात लावू नये. आमच्या रायफलचे सुटे भागही हवालदार उस्तादांनीच वेगळे केले. आमच्या हाती आले ते फक्त लाकूड.

त्यांची काम करण्याची पद्धत पाहण्यासारखी होती. मी उत्साहाने दस्त्याचा लांब बोल्ट आधी काढायला निघालो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "थांबा साहेब, आधी पुढचं लाकूड काढायचं. न्हाईतर ते चिरतंय." ते म्हणाले ते खरे होते. या रायफलमध्ये दस्त्याच्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडात बसवलेल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड न काढता बोल्ट फिरवला, तर ते टोक पट्टीसकट फिरू पाहते आणि लाकूड फाटते. यंत्र उघडण्यापूर्वी त्यात कशाला काय अडकले आहे हे समजून घ्यावे, हा पहिला धडा आम्हांला तेथेच मिळाला.

लाकूड श्वास घेते

रायफलच्या दस्त्यासाठी अक्रोडाचे लाकूड नावाजलेले. ते मजबूत असते, धक्का सोसते आणि हवामान बदलले तरी आकार फारसा सोडत नाही. पण 'फारसा' हा शब्द लक्षात ठेवा. कोणतेही लाकूड हवेतील बाष्प शोषते आणि परत सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी राहते. आर्द्रता ९० टक्के झाली की हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांपर्यंत चढते. पावसाळ्यात घराची दारे-खिडक्या घट्ट होतात, त्या याच कारणाने.

गंमत अशी, की लाकूड सर्व दिशांना सारखे फुगत नाही. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ फुगतच नाही. आडव्या दिशांपैकी, वार्षिक वलयांना समांतर असलेल्या दिशेने ते सर्वांत जास्त फुगते. अक्रोडाचे ओले लाकूड पूर्ण कोरडे केले, तर या दिशेने ते ७ ते ८ टक्क्यांनी आकसते. नळीखालचे लाकूड असे फुगले, की ते नळीला एका बाजूने रेटते आणि नेम चुकतो. म्हणून सैन्यात लाकडाला तेल देणे हे केवळ शोभेचे काम मानले जात नसे.

मात्र तेलाबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. तेल लावलेले लाकूड 'जलाभेद्य' होत नाही. पाण्याचा थेंब पडला तर तो लगेच आत शिरत नाही, इतकेच. बाष्प मात्र हळूहळू आत-बाहेर करतच राहते. त्या बाबतीत व्हार्निशचा जाड थर अधिक चांगला. मग तेलच का? कारण व्हार्निशला ओरखडा पडला किंवा त्याचा पापुद्रा निघाला, की सारा थर खरवडावा लागतो. तेलाचे तसे नाही. ते लाकडाच्या आत मुरते, आणि खराब झालेल्या जागेवर पुन्हा थोडे तेल चोळले की काम भागते.

इस्त्रीने उठवलेले खळगे

प्रथम टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने आम्ही जुना मळ काढला. कॉस्टिक सोडा लावला तर मळ झटकन निघतो, पण सोड्याने लाकडाचे तंतूही कमजोर होतात, म्हणून ती वाट आम्ही टाळली.

मग प्रश्न आला दबलेल्या खळग्यांचा. काच-कागदाने घासून सगळा पृष्ठभाग खाली आणावा, असे एका छात्राचे मत पडले. उस्ताद हसले आणि त्यांनी इस्त्री मागवली! खळग्यावर ओले फडके ठेवून त्यावर गरम इस्त्री काही क्षण टेकवली. चर्र आवाज झाला, वाफ उठली. तीनचार वेळा असे केल्यावर खळगा जवळजवळ भरून आला.

यामागचे विज्ञान सोपे आहे. लाकूड म्हणजे अतिसूक्ष्म नळ्यांची मोळी. धक्का बसला तेव्हा या नळ्या चेपल्या गेल्या, पण तुटल्या नव्हत्या. उष्णता आणि पाणी मिळाले की नळ्यांच्या भिंती नरम होतात, फुगतात आणि बऱ्याच अंशी मूळ आकाराकडे परततात. जेथे तंतू कापलेच गेले आहेत, तेथे मात्र ही युक्ती चालत नाही. चेपलेली प्लॅस्टिकची नळी पुन्हा गोल करता येते, कापलेली सांधता येत नाही, तसेच हे.

नंतर बारीक काच-कागद, तोही तंतूंच्या दिशेनेच, हलक्या हाताने फिरवला. पण दस्त्यावर ठोकलेले काही शिक्के आणि आकडे होते. ते अस्पष्ट झाले होते. तो भाग घासला असता तर दस्ता अधिक गुळगुळीत झाला असता. यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला. शेवटी ती प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, "सर, ही रायफल कुठे बनली, कुणाकडे होती, हे सांगणारं एवढंच उरलंय. तेच पुसलं तर आपण हिला नवीन नाही, मुकी करू." वाद तेथेच मिटला. शिक्क्यांच्या जागी आम्ही काच-कागद लावला नाही.

तेल लावताच लाकूड गडद का होते?

तेलाचा पहिला हात फिरला आणि मुलांच्या तोंडून "वा!" निघाले. फिकट, धुरकट लाकूड क्षणात गडद तपकिरी झाले आणि आतल्या रेघा उठून दिसू लागल्या. तेल तर पिवळसर, जवळजवळ पारदर्शक. मग हा रंग आला कोठून?

तो लाकडातच होता, फक्त झाकलेला होता. कोरड्या लाकडात पेशींच्या भिंती आणि त्यांमधील हवा यांच्या असंख्य सीमा असतात. प्रत्येक सीमेवर थोडा प्रकाश परावर्तित होतो. किती होतो, ते दोन्ही माध्यमांच्या वक्रीभवनांकांवर अवलंबून असते. त्यांच्यातील फरकाला त्यांच्या बेरजेने भागा आणि येणाऱ्या संख्येचा वर्ग करा. सरळ पडणाऱ्या प्रकाशासाठी हे सूत्र आहे.

पेशीभिंतीचा वक्रीभवनांक सुमारे १.५३ आणि हवेचा १.००. म्हणून ०.५३ भागिले २.५३, आणि त्याचा वर्ग ०.०४४. म्हणजे प्रत्येक सीमेवर शंभरातील ४.४ भाग प्रकाश मागे फिरतो. अशा हजारो सीमांवरून उधळलेला पांढरा प्रकाश लाकडाच्या खऱ्या रंगात मिसळतो आणि लाकूड फिकट दिसते. आता हवेच्या जागी तेल आले. त्याचा वक्रीभवनांक सुमारे १.४८. ०.०५ भागिले ३.०१, आणि वर्ग फक्त ०.०००३! परावर्तन दीडशे पटींहून कमी झाले. प्रकाश खोलवर जाऊ लागला, लाकडातील रंगद्रव्यांनी त्याचा काही भाग शोषला, आणि उरलेला आपला खरा रंग घेऊन बाहेर आला.

हा प्रयोग तुम्ही अनेकदा केला आहे, नकळत! भजी बांधून आणलेला कागद आठवा. तेलाचा डाग पडला तेथे कागद अर्धपारदर्शक होतो. कागदही लाकडासारखाच तंतूंचा बनलेला असतो. तेथेही हवा गेली आणि तेल आले.

सुकलेले तेल जड का?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आम्ही वापरले ते जवसाचे तेल. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच जवस. रंगाऱ्यांच्या भाषेत बेलतेल म्हणतात ते याच तेलाचे. क्रिकेटची नवी बॅट तेल पाजून तयार करतात, तेव्हाही हेच तेल लागते.

भुईमुगाचे तेल का नाही? त्याचे उत्तर तेलाच्या रेणूत आहे. तेलाच्या रेणूत कार्बन अणूंच्या तीन लांब शृंखला असतात. काही शृंखलांत कार्बन-कार्बनमध्ये दुहेरी बंध असतात. जवसाच्या तेलातील साधारण निम्म्या किंवा त्याहून अधिक शृंखला लिनोलेनिक आम्लाच्या असतात, आणि त्यांत प्रत्येकी ३ दुहेरी बंध असतात. दुहेरी बंधांच्या शेजारची जागा ही हल्ला करण्यास सोपी. हवेतील प्राणवायू तेथे येऊन चिकटतो, पेरॉक्साइडे तयार होतात, ती फुटतात आणि शेजारच्या शृंखला एकमेकींना जोडल्या जातात. अशी जोडाजोड होत होत सुट्या रेणूंचे एक प्रचंड जाळे तयार होते. जाळे वाहू शकत नाही. तेलाचे घन झाले!

म्हणजे हे 'सुकणे' टॉवेलच्या सुकण्याच्या उलट आहे. येथे बाहेर जाण्यापेक्षा आत येणेच अधिक. प्राणवायू आत आल्यामुळे तेलाचे वजन वाढते. आम्ही काचेवर पातळ तेल पसरून, सोनाराकडे असतो तशा काट्यावर वजन केले, तेव्हा दोन दिवसांनी खरोखरच काही शतांश ग्रॅमची वाढ दिसली. त्या मुलीचा प्रश्न सुटला.

तेलात दुहेरी बंध किती, हे मोजण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ 'आयोडिन मूल्य' वापरतात. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडिन शोषते, तो हा आकडा. जवसासाठी तो सुमारे १७० ते २००, करडईसाठी १४० च्या आसपास, भुईमुगासाठी ९० च्या आसपास आणि खोबरेल तेलासाठी १० हून कमी. म्हणून जवसाचे तेल सुकते, करडईचे रेंगाळत सुकते, आणि भुईमुगाचे व खोबरेल सुकतच नाही. लहानपणी मी माझ्या बॅटला आईच्या डब्यातले भुईमुगाचे तेल चोळले होते. पुढे वर्षभर त्या बॅटला चेंडूपेक्षा धूळच अधिक लागली, त्याचे कारण मला फार उशिरा कळले.

जवसाचे तेल लवकर सुकावे म्हणून पूर्वी ते मुरदाडशिंगाबरोबर, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवीत. शिसे विषारी असते. आता कोबाल्ट, मँगॅनीज अशा धातूंची संयुगे अल्प प्रमाणात मिसळतात. दुकानात 'बॉइल्ड' म्हणून मिळणारे तेल बहुधा असे असते. म्हणून ते खाण्याच्या तेलाजवळ कधीही ठेवू नये.

हेच घनरूप तेल पाहून १८६० च्या दशकात इंग्लंडमधील फ्रेडरिक वॉल्टन याने लिनोलियम हे जमिनीवर अंथरण्याचे आवरण तयार केले. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस आणि 'ओलियम' म्हणजे तेल. नावातच कच्चा माल सांगितला आहे.

पातळ हात, भरपूर धीर

प्राणवायू तेलात वरून शिरतो. थर जाड असेल, तर वरची साय आधी धरते, आतले तेल ओलेच राहते आणि सारे चिकट, सुरकुतलेले होते. शिवाय एखादा वायू थरातून झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट, तर वेळ सुमारे चौपट. म्हणून पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन सम प्रमाणात मिसळून दिला, म्हणजे ते केशाकर्षणाने आत ओढले गेले. पंधरावीस मिनिटांनी वर उरलेले सर्व तेल पुसून काढले. पुढचे हात नुसत्या तेलाचे, तेही तळहाताने चोळून. जुन्या लोकांचा नियम असा: आठवडाभर रोज एकदा, महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा, आणि पुढे वर्षातून एकदा.

खोक्यातली आग

आणि आता ती हकीकत. पहिल्या दिवशी तेल पुसलेल्या चिंध्या मुलांनी गोळा करून एका पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकल्या. मी ते पाहिले आणि काही बोललो नाही. चूक पूर्णपणे माझी. जेवून परतलो तो उस्ताद ओरडले, "साहेब, चिंध्या तापल्यात!" खोक्यातून कडवट, करपट वास येत होता. हात जवळ नेला तर धग लागली. त्यांनी खोके उचलून अंगणात नेले आणि चिंध्या पाण्याच्या बादलीत उलथल्या. मधल्या चिंध्या तपकिरी होऊन करपल्या होत्या. तेथे ना काडी होती, ना विजेची तार.

प्राणवायू तेलाशी संयोग पावतो तेव्हा उष्णता बाहेर पडते. दस्त्यावर पातळ थर असतो आणि भोवती मोकळी हवा, म्हणून ती उष्णता निघून जाते. चिंधीत काय होते? हिशेब करा. १० घन सेंटिमीटर तेल ०.०१ मिलिमीटर जाडीने पसरले तर ते १ चौरस मीटर जागा व्यापते. कापडाच्या धाग्यांवर ते असेच पसरते. म्हणजे प्राणवायूला शिरायला प्रचंड पृष्ठभाग मिळाला. पण चिंध्यांचा गोळा केल्याने मध्ये अडकलेली हवा दुलईसारखी उष्णता कोंडून ठेवते. तापमान वाढते, वाढलेल्या तापमानाने प्रक्रिया आणखी वेगाने होते, त्याने तापमान आणखी वाढते. साधारण दर १० अंशांना वेग दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. शेवटी कापड पेट घेते.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत होती. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी तिच्या २२ व्या मजल्यावर आग लागली. लाकूडकाम चकाकवताना वापरलेल्या, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या तेथे पडून होत्या. आग वरवर चढत गेली आणि स्वयंचलित पाण्याचे फवारे असलेल्या ३० व्या मजल्यावर थांबली. ३ अग्निशामक जवानांचे प्राण गेले. पुढे ती इमारतच पाडावी लागली. आमच्या खोक्यातल्या चिंध्या आणि त्या चिंध्या यांच्या रसायनशास्त्रात काहीच फरक नव्हता. फरक इतकाच, की आमच्याकडे वेळेवर एक सावध नाक होते.

तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेचा नियम असा: तेलाची चिंधी एक तर पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जाईल, नाही तर उघड्यावर, एकेक सुटी पसरून, पूर्ण कडक होईपर्यंत वाळेल. गोळा करून कधीच नाही. टर्पेंटाइनची बाटलीही ज्योतीपासून दूर. सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते, आणि आपल्याकडचा उन्हाळा याहून किती तरी तापतो.

दस्ता आता कक्षातील भिंतीवरच्या कपाटात आहे. गडद, मऊ झळाळीचा, शिक्के जसेच्या तसे. दर महिन्याला एक छात्र त्याला तेलाचा हात देतो, आणि चिंधी बादलीत टाकून मगच हात धुतो.

करून पाहा

चार सारख्या काचा घ्या. घाण्यावरचे जवस, करडई, भुईमूग आणि खोबरेल अशी चार तेले घ्या. प्रत्येक काचेवर एका तेलाचे काही थेंब बोटाने अगदी पातळ पसरा. काचा हवेशीर, धूळ नसलेल्या जागी ठेवा. रोज एका कोपऱ्याला बोट लावून नोंद करा: ओले, चिकट की कोरडे? पंधरा दिवस नोंदी ठेवा. शाळेत ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा असेल, तर रोज वजनही करा. कोणती काच जड झाली? आयोडिन मूल्यांचा क्रम आणि तुमच्या नोंदींचा क्रम जुळतो का? आणि हो, बोटे पुसलेला कागद पाण्यात भिजवून मगच टाका.